ढवळीच्या गळ्यातली घंटी

भूतखेत, भास, संचार... यातलं काही मी मानत नाही. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. भाग मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट... डोकंही तसंच झालंय. तरी हे लिहितोय, कारण गेल्या हिवाळ्यात नाथसागरावर, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात हे माझ्यासमोर घडलं.

रोहित पक्षी आलेत, असं शिफ्टच्या बसमध्ये कळलं आणि मला दम निघेना. रविवार ठरला. मित्राची दुर्बीण, सतरंजी, धपाटे, ठेचा, दही... मोबाइलवर यादीच केली. बायको म्हणाली, "श्वास घ्यायचा तेवढं लिहायचं राहिलं बघा." पोरगी तर शनिवारीच बूट घालून बसली.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या बी येते."

मी बघतच राहिलो. आईचं माहेर मेंढरं राखणारं. त्यांचं गाव नाथसागराच्याच धरणात गेलं, तेव्हापासून आईनं त्या पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. दहा वर्षांची असताना तिनं ढवळी नावाची म्होरकी मेंढी चोरून दुसऱ्याच्या ज्वारीत सोडली होती. मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून मेंढीच्या घंटीत गवत कोंबायचं, ही त्यांच्यातली जुनी युक्ती. नेमकं त्याच संध्याकाळी धरणाचं पाणी चढलं आणि ढवळी परत आलीच नाही. घंटी मुकी, मग शोधणार कुठं? "म्याच तिची वाचा बंद केली," आई म्हणायची. आजही दिवेलागणीला दार लावताना ती थोडी थांबते, बाहेर बघते. शेवटची मेंढी आल्याशिवाय वाडग्याचं फाटक लावायचं नाही, तीच सवय.

तर निघालो. चितेगावला चहा घेतला, साडेनऊला काठावर पोचलो. पाण्यावर लांबच लांब गुलाबी पट्टा! दुर्बिणीसाठी माझं नि पोरीचं भांडण लागलं, एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

आई वीसेक पावलांवर, पाण्याच्या कडेला एकटीच उभी होती. तिनं हाक दिली, "ढवळेऽऽ... हिर्रऽऽ, ये ढवळे."

तेवढ्यात पाण्याकडून आवाज आला. दबका... ठक, ठक. बायकोनं माझं मनगट धरलं. "अहो, ऐकलं का?"

जवळपास जनावर नाही, होडी नाही. आवाज जवळ येत येत आईपाशी थांबला. आई वाकली. दोन बोटांनी हवेतूनच काहीतरी उपसल्यासारखं केलं, बाजूला टाकलं... आणि घंटी खणखणीत वाजली. एकदाच.

"आजी, कुणाची घंटी गं?" पोरीनं विचारलं.

आईच्या डोळ्यांतून धारा आणि तोंडावर हसू. "आमच्या ढवळीची. लई उशीर केला बघ तिनं." मग सतरंजीवर येऊन तीन धपाटे खाल्ले आणि म्हणाली, "आन ती दुर्बीण इकडं."

वारा, मासेमारांची जाळी, लांबचं देऊळ... सगळं गेजला लावून पाहिलं. बसत नाही. रिजेक्ट करावं तर बायको आणि पोरीनंही ऐकलंय. मित्र विचारतात तेव्हा मी फक्त पक्ष्यांचंच सांगतो.

त्या दिवशी घरी यायला दिवेलागण झाली. आई सगळ्यांत शेवटी आत आली. मी मुद्दाम बघत होतो. तिनं दार ओढलं, कडी घातली आणि चहा ठेवायला गेली. थांबली नाही.