सेराने रंगवलेल्या बायका

कुडाळच्या आठवडा बाजारात भाजी निवडत होते, तेव्हा लिंडाचा फोन आला. लिंडा म्हणजे सेराची भाची, शेवटच्या आजारपणात तिच्यापाशीच राहिलेली. "सेरामावशी गेली," एवढंच ती म्हणाली, आणि भाजीवाली मला विचारत राहिली, घेणार की नाही. सेराफिना डिसोजा, मालवणातल्या आमच्या शाळेची चित्रकलेची शिक्षिका आणि माझी अर्ध्या आयुष्याची मैत्रीण. आजार बरा होणारा नव्हता हे मला ठाऊक होतं. तरी घरी येईपर्यंत मला राग येत राहिला, आणि तो आजारावर नव्हता. तिला जाऊन काही आठवडे झाले, राग तसाच आहे.

मी मराठी शिकवायची, ती चित्रकला. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे ज्याचा धडा मागे पडलाय त्याने मागून घ्यायचा तास. सेरा तो कुणाला देत नसे. गणिताच्या सरांना तिने एकदा वर्गाच्या दारातूनच परत पाठवलं होतं. त्यावरून शिक्षकांच्या खोलीत तिला तऱ्हेवाईक ठरवण्यात आलं, ते ती निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही म्हणूनही बोलत. ती ऐकून घ्यायची आणि डबा खायची.

मग बंदरावरचं आंदोलन झालं. बाहेरून आलेल्या मोठ्या बोटी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेत होत्या आणि इथल्या होड्या रिकाम्या परतत होत्या. रस्त्यावर बसल्या त्या मासे विकणाऱ्या बायका, मोकळ्या टोपल्या पुढ्यात घेऊन. पोलिसांनी फरफटत नेल्या त्याही त्याच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो साहेबांना निवेदन देणाऱ्या पुरुषांचा. चंद्रभागा, जिला सगळे चंद्री म्हणत, सेराच्या दारात रोज मासे घेऊन यायची. त्या सकाळी ती पेपर घेऊन आली. दंडावर वळ उठले होते. मी तिथेच होते. पेपर सेरापुढे धरून ती म्हणाली, "ह्येच्यात आमी खंय आसंव गो?"

सेराने फोटो नीट पाहिला. "बस," ती म्हणाली. "टोपली थंय ठेव."

असं ते सुरू झालं. मांजरपाट कापडाच्या लांब पट्ट्यांवर ती बायका रंगवू लागली, माणसाएवढ्या उंच, दंडावरच्या वळांसकट. खाली फक्त नाव असायचं. चंद्रभागा, सुलोचना, मारिया. नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. रंगवताना ती त्यांना बोलतं करायची आणि बोलणं संपेपर्यंत चित्र संपवायची नाही. मग ती चित्रं गुंडाळून आम्ही गावोगाव निघालो. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप, चर्चचा हॉल, मिळेल तिथे चित्रं लावायची. सेरा थोडंसं बोलायची. या किनाऱ्यावर बायकांनी काय काय केलं आणि त्यातलं किती कुणी लिहून ठेवलं नाही, ते सांगायची. मग प्रत्येक बाई आपल्या चित्राशेजारी उभी राहून स्वतःचं सांगायची. मसुऱ्यात सुलोचना पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने चित्राची कड धरून ठेवली होती. धामापूरला ती नवऱ्याच्या दारूबद्दल बोलली, आणि नवरा समोरच बसला होता. तो उठून गेला. ती बोलत राहिली.

तिथून दारं बंद व्हायला लागली. देवळाच्या कमिटीला हा विषय जागेला शोभेलसा वाटेना. चर्चच्या कमिटीनेही शांततेचे विषय घ्या असं सुचवलं. सेरा हसली होती. म्हणाली, "बघ, आमच्या बाबतीत तरी दोघांचा एकमत झाला."

महिला दिनाला मात्र तिला आग्रहाने बोलावलं. तालुक्याचा मोठा कार्यक्रम, मोठे पाहुणे. सकाळी आम्ही हॉलच्या भिंतीला चित्रं लावली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी गावचा एक पुढारी आला, फिरून चित्रं पाहिली आणि चंद्रीच्या चित्रापाशी थांबला. त्यात पोलिसाच्या मुठीत तिचे केस होते.

"बाई, हे एवढं काढून घ्या. बाकीची छान आहेत."

"ह्या काढूचा तर सगळीच काढूची," सेरा म्हणाली.

तिला वाटलं तो मागे हटेल. त्याने माणसं बोलावली आणि सगळीच काढायला लावली. त्या भिंतीपाशी पाककृती स्पर्धेची टेबलं मांडली गेली. आमच्या बायकांना एकेक गुलाबाचं फूल देऊन मागच्या रांगेत बसवलं. सेरा बाहेर गेली आणि कुंपणाच्या तारेवर चित्रं अडकवून उन्हात उभी राहून बोलली. ऐकायला आम्हीच होतो, आणि पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर.

तो अपमान तिने पचवला. त्यानंतरचं पचवणं जड गेलं. चंद्रीच्या मुलाने पर्यटकांना फिरवायची बोट घेतली. परवानगी त्याच पुढाऱ्याच्या हातात. एका दुपारी चंद्री आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"सेरा, माजा चित्र खंय लावू नको आता. झिलाच्या पोटाचो प्रश्न आसा."

सेराने वाद घातला नाही. गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. "तुजाच आसा ता. घेवन जा." चंद्री गेल्यावर मात्र ती बराच वेळ नुसती ब्रश धूत बसली. "तिचा काय चुकला?" ती मला म्हणाली. "ज्यांचा चुकला ते हार घालून घेतत." पुढे एकेक करून इतरही यायच्या थांबल्या. कुणाला घरकुल हवं होतं, कुणाच्या सुनेला अंगणवाडीत नोकरी. सेरा आजारी पडली तेव्हा भेटायला येणाऱ्याही अंधार पडल्यावर, मागच्या दाराने यायच्या.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. तिचा फोटो असलेला केवढा तरी फलक, आणि त्यावर तिच्याहून मोठा पुढाऱ्याचा फोटो. तो भरभरून बोलला. सेराबाई म्हणजे महिला सक्षमीकरणाचा दीपस्तंभ, शांत, सोज्वळ, मातेसमान. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हेही कुणाला सुचलं नाही. तिच्या चित्रांचं कायमचं दालन करू, असं त्याने जाहीर केलं. त्याची माणसं लिंडाकडे येऊन चित्रं घेऊनही गेली. मासे विकणाऱ्या, हसणाऱ्या, जाळी विणणाऱ्या बायका नेल्या. रस्त्यावर बसलेल्या ठेवून गेली. त्या आता माझ्या घरी कपाटावर गुंडाळून आहेत. लावायला भिंत कुणी देत नाही.

लिंडाला गोव्याला परत जायचं आहे. सेराचं घर पर्यटकांना राहायला द्यायचं ठरलंय. मी तिला दोष देत नाही, तिनेही कशावर जगायचं? सामान आवरायला मी गेले त्या दुपारी चंद्री आली. या वेळी पुढच्या दाराने. सेराच्या रंगवायच्या खोलीत जमिनीवर सगळीकडे रंगाचे शिंतोडे आहेत, आणि खिडकीपाशी एक जागा स्वच्छ आहे, चटईएवढी. चित्र काढताना बायका तिथे बसत. चंद्री जाऊन तिथे बसली, नेमकी तशीच, पदर सावरून, तोंड उजेडाकडे करून. आम्ही आवरत राहिलो. मग ती म्हणाली, "ती रोज इचारी, आज तुज्या मनात काय आसा? माका आधी हसूच येय. असा कोण इचारता काय बायलांक..."

मला तो प्रश्न तिला विचारायचा होता, पण सेराने विचारावा तसा तो मला येईना. उन्हं उतरल्यावर ती उठली आणि घरी गेली.

सोमवारी लिंडाने बोलावलेली माणसं आली आणि त्या खोलीत नवी फरशी बसवून गेली.