एकेरीवर आलेला खेळ

स्प्रिंगकाका कमी बोलतात हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण त्यात त्यांच्या स्वभावाचा दोष नाही. दोष धंद्याचा आहे. काका सोफे दुरुस्त करतात. सोफ्याचं कापड ताणून लाकडावर ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना चुका म्हणतात. एका हातात कापड आणि दुसऱ्या हातात हातोडी असली की चुका धरायला तोंडाशिवाय जागा उरत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "काका, कधी मिळेल?" काका म्हणतात, "हं." गिऱ्हाईक म्हणतं, "रंग जरा भडक होतोय का?" काका म्हणतात, "हंहं." बायको होती तेव्हा ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "या माणसाचं तोंड चुकांनी भरलंय, शब्द मावणार कुठे?"

ती गेली, आणि काकांना टोमणे मारणारंही कुणी राहिलं नाही. मुलगा मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळतो, त्यामुळे त्याचा मुक्काम पाण्यावरच जास्त. घरात माणसं दोन. खालच्या कारखान्यात काका, आणि वरच्या मजल्यावर सूनबाई. सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, गप्पांत गुंगवायचं आणि सुई टोचायची, हे तिचं काम. बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. पण सासऱ्यांसमोर तिचीही गाडी दोन वाक्यांवर अडायची. "बाबा, वाढू का?" "हं." "बाबा, गोळी घेतलीत?" "हं." भांडण नव्हतं, तंटा नव्हता. दोन भली माणसं एकमेकांकडे पाहुणी आल्यासारखी राहत होती, इतकंच.

ही कोंडी फोडली ती एका सामुराईने. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेऊन आला, बरोबर तलवारबाजीचा एक खेळ. बायकोच्या हातात एक कंट्रोलर, बापाच्या हातात दुसरा दिला आणि पठ्ठ्या बोटीवर निघून गेला. खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. एक एका डोळ्याचा म्हातारा गुरू, एक तरणाताठा शिष्य, दोघांनी पाठीला पाठ लावून सगळ्या शत्रूंना पुरून उरायचं. काकांनी शिष्य घेतला. "माझे गुडघे निदान इथे तरी वाकू देत," म्हणाले. मग म्हातारा गुरू सूनबाईच्या वाट्याला आला.

सुरुवातीला शिष्याचं डोकं काही धडावर टिकेना. कारण अगदी साधं होतं. शिष्याच्या मागून भालेवाला यायचा, गुरूला तो आधी दिसायचा, आणि गुरू म्हणायचा, "बाबा, जरा खाली वाकता का?" वाक्य पुरं होईस्तोवर बाबांचं मुंडकं गवतात. सूनबाईने काटछाट केली. "बाबा, वाका!" तरी मुंडकं गवतातच. भाला काही 'बाबा' संपून 'वाका' सुरू होण्याची वाट बघत थांबत नाही. असं करता करता एका संध्याकाळी, चिलखतातला तो अवाढव्य सरदार, ज्याला दोघं 'कपाट' म्हणत, तो कुऱ्हाड उगारून आला आणि सूनबाईच्या तोंडून निघून गेलं, "अरे वाक!"

काका वाकले. कुऱ्हाड वरून गेली. गुरूने कपाटाचे दोन दरवाजे केले.

सूनबाईने जीभ चावली. चेहरा असा पडला की जणू चुकीच्या माणसाचं रक्त काढलं. काकांनी मात्र खेळ थांबवला, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "लढाईत मानपान नाही. गुरू शिष्याला अहो-जाहो करतो का कधी?"

झाला तह. टीव्ही चालू असेपर्यंत अरे-तुरे, टीव्ही बंद झाला की बाबा आणि तुम्ही. रोज संध्याकाळी सूनबाई लॅबमधून आल्यावर चहा घेऊन दोघं सोफ्यावर बसत आणि मग खिडकीतून गल्लीत आवाज जात, "अरे मूर्खा, डावीकडे! आंधळा आहेस का?" आणि त्यावर काकांचं, "आंधळा मी नाही, गुरुजी, एक डोळा तुम्हाला कमी आहे!" चाळीतल्या भांडणाला कान लावावेत तसे शेजारी सुरुवातीला कान लावत. मग त्यांनाही सवय झाली. प्रत्येक द्वंद्वाआधी त्या खेळात बटण दाबून शत्रूला वाकून नमस्कार करता यायचा. काका तो कधी चुकवत नसत. सूनबाई ओरडायची, "नमस्कार कसले करतोस, मार आधी!"

काकांना हे किती हवं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगतो. माणूस म्हातारा होतो म्हणजे काय होतं? त्याला अरे म्हणणारी माणसं एकेक करून उठून जातात. आई गेली, थोरला भाऊ गेला, कारखान्यात बरोबर शिकलेला दोस्त गेला. बायको काही अरे म्हणणारी नव्हती, पण रागावली की तीही एकेरीवर यायची, आणि ते काकांना आवडायचं. आता सगळं जग त्यांना अहो म्हणतं, बसमध्ये उठून जागा देतं. या सगळ्या आदरात म्हाताऱ्याला फार एकटं वाटतं. रोज संध्याकाळी मूर्खा म्हणून घेतल्यावर काकांना झोप छान लागायची.

तर अशा या खेळाचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली, आणि घरात लगीनघाई सुरू झाली. काकांनी घरच्या सोफ्याच्या स्प्रिंगा बदलल्या, दोन्ही बैठकांना नवा फोम भरला. एवढी मेहनत त्यांनी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीही कधी केली नव्हती. सूनबाईने रजा टाकली. आणि इथेच काकांनी ती चूक केली, ठोकायची नव्हे, दुसरी. काकांच्या कारखान्यावर पाटी आहे: जुना सोफा द्या, नवा न्या. खेळाच्या दुकानात तसलीच पाटी बघून त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. सूनबाई म्हणाली, "बाबा, जुना राहू द्या की." काका म्हणाले, "नवा आल्यावर जुन्यावर बसतं का कुणी?" जुन्या खेळाची तबकडी दिली आणि नवी घेऊन आले.

घरी येऊन दोघं नव्या फोमवर विराजमान झाले. खेळ सुरू झाला. डोंगर सुंदर, पाऊस सुंदर, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा. गुरू आणि शिष्य पुलावरून चालत होते. काका खुशीत म्हणाले, "गुरुजी, तब्येत सुधारली तुमची." तेवढ्यात कुठून तरी एक बाण आला आणि गुरुजी मेले.

"अगं, ऊठ!" काका म्हणाले.

सूनबाई बटणं दाबत होती. तिच्या कंट्रोलरचा दिवाच लागत नव्हता. तिने वायर बघितली, सेटिंग बघितली, शेवटी खोका उलटून मागचा मजकूर वाचला.

"बाबा," ती म्हणाली, "हा एकट्याने खेळायचा आहे."

"म्हणजे?"

"एकेरी. दुसरा खेळाडूच नाही यात."

काकांनी तरी नेटाने पुढे खेळून पाहिलं. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो पुढेच होता. शिष्याकडे आता ढीगभर तलवारी, आणि प्रत्येक तलवारीला धार लावायला वेगळा दगड. दगड मिळवायला बांबू तोडा, बांबूच्या बदल्यात पिसं आणा, पिसांसाठी बगळ्यांच्या मागे धावा. शत्रू भेटला की तो आपली कर्मकहाणी सांगत बसायचा. आणि वाकून नमस्कार करायचं बटण काढूनच टाकलं होतं.

"हा लढायला निघालाय की बाजारहाटाला?" काका वैतागले. "आणि नमस्कार का काढला? त्याने यांचं काय खाल्लं होतं?"

शेजारी सूनबाई बंद पडलेला कंट्रोलर मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुणावर ओरडायची सोयच उरली नव्हती. मग सौजन्याचा कहर सुरू झाला. "बाबा, तुम्हीच खेळा." "नको, सूनबाई, तू खेळ, मी बघतो." "नाही हो, तुम्ही खेळा ना." कंट्रोलर पाहुण्यांपुढच्या बशीतल्या शेवटच्या बिस्किटासारखा इकडून तिकडे सरकत राहिला आणि शेवटी कुणीच खेळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका खेळाच्या दुकानात गेले. जुनी तबकडी केव्हाच विकली गेली होती, आणि ती आता येतही नाही म्हणे. तेलही गेलं, तूपही गेलं. मुलाचा बोटीवरून फोन आला, "काय, कसा आहे दुसरा भाग?" दोघंही एका सुरात म्हणाले, "छान आहे." बिचाऱ्याने आनंदाने फोन ठेवला.

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. "बाबा, वाढू का?" "हं." काकांचा जीव मात्र आता त्या हं मध्ये रमत नव्हता. एकदा जेवताना त्यांनी मुद्दाम भात सांडून पाहिला, ती मूर्ख म्हणते का बघायला. सूनबाई म्हणाली, "असू द्या बाबा, मी पुसते." टीव्हीशिवाय अरे म्हण, असं सासऱ्याने सुनेला सांगायचं कसं? मागून मिळालेल्या अरे-तुरेत राम तो काय? ते आपणहून तोंडातून सुटावं लागतं. या विचाराने काका कारखान्यात जास्त वेळ काढू लागले आणि गरज नसतानाही तोंडात चुका धरू लागले.

मग तो रविवार आला. गल्लीच्या टोकाच्या शिवणक्लासवाल्या बाईंचा सोफा काकांनी उघडला होता. त्यात नागमोडी स्प्रिंगा होत्या. ही पट्टीसारखी वळणावळणाची तार एका टोकाला लाकडावर ठोकलेल्या पकडीत अडकवायची, मग सगळं वजन टाकून दुसऱ्या टोकापर्यंत ताणायची. काका सांगाड्यावर ओणवे होऊन तार ओढत होते, तोंडात चुका, पाठ दाराकडे. बाई "कधी मिळेल" हे विचारायला येऊन बाहेर चपला काढत होत्या. त्यांच्या आधी सूनबाई जिना उतरून जेवायला बोलवायला आत आली. तिथून तिला पलीकडची पकड दिसली. जुनं लाकूड फाटत होतं आणि पकड सावकाश वर उचलली जात होती. काकांना ते दिसणं शक्य नव्हतं.

"वाक!"

काका वाकले. विचार न करता, गुडघ्यांची परवानगी न घेता, शिष्य वाकायचा तसे वाकले. तार सुटली, सूं करून त्यांच्या डोक्यावरून गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना फाडून खाली पडली.

काकांनी जमिनीवर बसल्या बसल्या डोकं चाचपून पाहिलं. होतं जागेवर.

"लागलं का?" सूनबाई धावत आली. भीतीने तिचा आवाज चढला होता. "मूर्खा, कुणाला तरी दुसरं टोक धरायला बोलवायचं ना! मी काय मेले होते?" आणि मग आपण काय बोललो ते तिच्या कानांवर पडलं. टीव्ही तर वर बंद होता. "बाबा... माफ करा, तोंडातून निघून गेलं."

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही डोकं वाचल्याचं नव्हतं. तोंडात चुका असल्यामुळे बोलता येईना. त्यांनी फक्त बोटाने सांगाड्याचं पलीकडचं टोक दाखवलं.

सूनबाईला कळलं. तिने ओढणी कमरेला खोचली, पकड दुसऱ्या जागी ठेवली आणि तळहाताने दाबून धरली. काकांनी तार उचलली. ओढायच्या आधी मात्र ते तिच्यापुढे कमरेत लवले, प्रत्येक द्वंद्वाआधी लवायचे तसे.

"नमस्कार कसले करतोस," ती हसत ओरडली, "ओढ आधी! अजून! अजून! अरे डावीकडे जातेय, आंधळा आहेस का?"

शिवणक्लासवाल्या बाई दारात एक चप्पल पायात, एक हातात घेऊन हे सगळं बघत होत्या. त्यांनी नाक मुरडलं. "अहो काका," त्या म्हणाल्या, "ही तुमची सूनच ना?"

गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी काकांनी आजवर तोंडातून चुका काढल्या नव्हत्या. आज त्यांनी तार गुडघ्याखाली दाबली, एकेक चूक ओठांतून काढून सावकाश तळहातावर घेतली आणि तोंड पूर्ण मोकळं झाल्यावर म्हणाले,

"सून वरच्या मजल्यावर. इथे गुरुजी."