तुटक रेघ

"तिचं काय मनावर घेतोस? तुझी रजा सर मंजूर करतात, ती नाही," पॅन्ट्रीत कुणीतरी विनयला समजावत होतं. मी रिकामा मग घेऊन दाराबाहेरच थांबले.

सोमवारी क्लायंटला दाखवायचं काम विनयवर अडलंय. प्रोजेक्ट माझं, विनय मात्र सरांच्या विभागाचा. कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यात तो सरांना ठळक रेघेने जोडलाय, मला तुटक रेघेने. फॉर्मवर अशी रेघ असते, तिथे कागद फाडायचा असतो. इथे प्रत्येकजण आपल्या ठळक रेघेशी प्रामाणिक आहे, म्हणून चिडायचं तरी कुणावर?

तीन आठवडे मी नम्र ईमेल लिहिले. आज तो रिकामा मग तसाच हातात घेऊन सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, सोमवारपर्यंत विनय मला द्या. नाहीतर क्लायंटसमोर तुम्ही उभे राहा."