सासूबाईंची परात आणि गॅसवरची कॉफी

तुम्ही कधी डॉक्टरांचं थर्मामीटर भाजून पाहिलंय का? आमच्या घरी भाजलंय! असे किस्से कॉफी भाजताना उडणाऱ्या सालपटांसारखे असतात. कितीही झाडा, कुठल्या तरी कोपऱ्यात सापडतातच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. यवतमाळात आमचं चहापत्तीचं लहानसं दुकान होतं. आमचे हे एकदा दक्षिणेत लग्नाला गेले आणि येताना कॉफीच्या कच्च्या दाण्यांचं पोतं घेऊन आले. मग पत्र्याचा ड्रम झाला, त्याला फिरवायला दांडा आला, खाली कोळशाची शेगडी आली. सगळं जमलं, फक्त आच काही हातात राहीना.

गावात कॉफीची खरी पारख एकाच घरी. रेंजरसाहेबांच्या बाई दक्षिणेकडच्या होत्या. त्यांना आवडली की सगळी ऑफिसर मंडळी आपल्याकडूनच कॉफी नेतील, असं हे म्हणायचे. सासूबाई विचारायच्या, "आन् नाई आवडली तं?"

*

आच मोजल्याशिवाय ताब्यात यायची नाही, असं ह्यांनी ठरवलं. शेजारच्या डॉक्टरांकडून तापाचं थर्मामीटर मागून आणलं आणि दोरीला बांधून ड्रमात सोडलं. टक् असा आवाज झाला आणि पारा दाण्यांत! सगळे दाणे परसात खड्डा करून पुरावे लागले.

संध्याकाळी डॉक्टर काळजीनं दाराशी आले. "घरात कोणाला ताप होता ना? आता कसं आहे?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुपारीच पुरला."

डॉक्टर पायरीवरच बसले.

*

पुढचा घाणा मोजमाप न करता, अंदाजानं भाजला. कुटून, डब्यात भरून रेंजरबाईंकडे पाठवला. तासाभरात त्यांचा शिपाई भरलेला डबा घेऊन परत. बाईंचा निरोप काय? "दंतमंजन चांगलं आहे, पण आमच्याकडे सध्या आहे."

हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. सासूबाईंनी मात्र त्यातलं चिमूटभर घेऊन दात घासून पाहिले. बरं आहे म्हणाल्या.

*

मग ह्यांनी शोध लावला की आग आणि ड्रम यांच्या मध्ये पत्रा हवा. आच वाढली की आत सरकवायचा, कमी झाली की बाहेर ओढायचा. घरात बरोबर त्या मापाची एकच वस्तू होती. सासूबाईंची पितळी परात, कळंबच्या यात्रेत घेतलेली.

"माही परात भट्टीत काहून?"

"आई, ती आता झडप आहे."

"मंग कणीक कशात मळू? तुह्या ड्रमात?"

आणि त्यांनी खरोखरच ड्रमात कणीक मळली! पुढचे कितीतरी दिवस मी हेअरपिनीनं ड्रमाच्या सांदीतली कणीक काढत होते.

*

कोळसा काही ऐकेना, म्हणून गॅस आला. गॅस म्हणजे आताचा सिलिंडर नव्हे. बाबाराव बत्तीवाले ह्यांचे मित्र. वरातींना गॅसबत्त्या पुरवायचे. त्यांनी एका बत्तीची रॉकेलची टाकी दिली. तिला ह्यांनी स्टोव्हचा बर्नर जोडला. पंप मारला की ज्योत मोठी, चावी पिळली की लहान. इतकी सोय झाल्यावर ह्यांचं सगळं लक्ष चावीत. दांडा फिरवायचा राहून जायचा, आणि मग दाणे जळतील म्हणून घाबरून लवकर काढायचे.

या वेळी दाणे न कुटताच पाठवले, पण हा दुसरा डबाही भरलेलाच परत आला. शिपाई म्हणाला, "बाई म्हंते, पेरून पाहा. उगवते अजून."

त्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. तिसरा डबा परत आला तर ड्रम भंगारात, परात घरात, आणि कॉफीचं नाव काढायचं नाही. पोत्यात एका घाण्यापुरतेच दाणे उरले होते.

*

तो शेवटचा घाणा ड्रमात पडला आणि तासाभरात बाबाराव धापा टाकत आले. लग्नाची वरात निघायची वेळ झालेली, एक बत्ती फुटलेली. त्या काळी नवरदेवाकडची माणसं बत्त्या मोजून घ्यायची. एक कमी भरली की भांडण ठरलेलं.

"नारायणभाऊ, टाकी दे."

हे रडकुंडीला आले. दाणे अर्धे भाजलेले. आत्ता आच विझली तर खरंच पेरायलाच जातील.

बाबारावांनी ज्योतीकडे पाहिलं. "विझवतो कायले? जळतीच नेऊ ना!"

ड्रमासकट सगळं हातगाडीवर चढलं. बाबाराव पंपावर, हे एका हातानं गाडी ओढताहेत, दुसऱ्या हातानं परात सरकवताहेत. मी मागून ढकलत होते. सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन सोबत निघाल्या. "वरातीत माही परात हरवली म्हंजे?" दांड्याला माणूस उरलं नव्हतं, म्हणून दांडा त्यांच्याच हाती आला.

नवरदेवाचे काका बत्त्या मोजत आमच्यापाशी थबकले. "हे कोन्ती बत्ती होय?"

"मद्रासी," बाबाराव म्हणाले. काकांनी मोजली आणि पुढं गेले.

बँड वाजू लागला. सासूबाईंचा हात आपोआप ठेक्यावर फिरायला लागला, जात्यावर फिरावा तसा, ना हळू ना घाई. चौकात वरात थांबली, बँडही थांबणार आणि त्याबरोबर सासूबाईंचा हातही, तोच हे बँडमास्तरांपुढे हात जोडून उभे राहिले. "मास्तर, दाणे तडतडेपर्यंत थांबू नका!" मास्तरांनी एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं. सगळ्या चौकात कॉफीचा वास पसरला. घोडा शिंकला. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून विचारलं की स्वयंपाक इथेच आहे का.

दाणे तडतडले. ह्यांनी परात सरकवली, बाबारावांनी चावी पिळली. सासूबाईंनी दांडा सोडला नाही. गाणं संपल्यावरच सोडला.

दाणे निवल्यावर लगेच कुटले आणि डबा रेंजरबाईंकडे गेला. रात्रभर तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई रिकामा डबा पुन्हा भरून न्यायला आला, आणि सासूबाई चपला घालून बँडमास्तरांचं घर शोधायला निघाल्या.