भर एप्रिलात पाझरणारं तळघर

मंडळी, निमोण्यातल्या आमच्या घराचं तळघर कोरडं झालं, असं मी या ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं. ते आज मागे घेते.

ओल पावसाचीच, असं धरून गेल्या महिन्यात रशीदमामा मिस्त्रींकडून आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. आज सकाळी खाली उतरले, तर भर एप्रिलात भिंत ओलीचिंब, आणि तिला टेकून वर्षभराची ज्वारी!

मामांनी येऊन भिंतीवर हात फिरवला. "बाई, माझं काम चोख हाय. पाणीच बेइमान हाय."

शेजारचे आबा कुंपणापलीकडून म्हणाले, "परवा मागच्या पाटाला पाणी सुटलं न्हाई का? पाट वाहतो तवा ही जमीन पाझरतीच."

"मग घर बांधताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शिकल्याली माणसं. इचारलं व्हतं का?"

मी ज्वारीची पोती वर आणवली.

आता मामा म्हणतात, बाहेरून खणून भिंत लिंपू, पण पाट बंद झाल्यावरच. तेव्हा तर भिंत आपोआप सुकेल. मग काम जमलं की नाही, हे पाट पुन्हा सुटेपर्यंत कळणार कसं? ज्वारी पुन्हा खाली ठेवायची कुणाच्या भरवशावर?

पाटाजवळ तळघर बांधलेलं कुणी आहे का इथे? बांधण्याआधी तुम्ही कुणाला विचारलं होतं?