मामांच्या सात वस्तू

माझ्या मामेसासऱ्यांइतकी भांड्यांची पारख असलेला माणूस मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि काहीही न घेता दुकानातून बाहेर पडणारं गिऱ्हाईकही त्यांच्यासारखं दुसरं नाही. कट्टा गावच्या बाजारातला भांडीवाला त्यांना लांबून बघितल्याबरोबर स्वतःसाठी चहा सांगतो, कारण आता तासभर विक्री होणार नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. बाकीचे लोक भांडं बघून घेतात, मामा ऐकून घेतात. टोप डाव्या हातावर तोलायचा, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने बुडावर टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि डोळे मिटायचे. मग बराच वेळ काहीच होत नाही. आजूबाजूची गिऱ्हाइकंही उगाच गप्प होतात. शेवटी मामा डोळे उघडतात आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात सांगतात, "बूड पातळ आसा. करपतला." एवढं बोलून ते पुढचा टोप उचलतात.

मामा तारकर्लीचे. तीसेक वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. लग्न राहून गेलं. स्थळ पसंत पडेपर्यंत बोट सुटायची वेळ व्हायची, असं ते सांगतात. स्वतःचा संसार नसल्यामुळे नात्यातलं प्रत्येक स्वयंपाकघर ते आपलंच समजतात. बोट सुटली तरी बोटीवरच्या सवयी सुटल्या नाहीत. भांडं दुकानाच्या फळीवर ठेवून ते फळी गदागदा हलवतात. भांडं डुगडुगलं की नापास. एकदा मी न राहवून म्हटलं की मामा, आपलं घर जमिनीवर आहे, हालत नाही. ते शांतपणे म्हणाले, "आज नाय हालणा." दुसरी परीक्षा हाताची. ज्या भांड्यात हात मनगटापर्यंत जात नाही ते घासलं जात नाही, म्हणून ते प्रत्येक भांड्यात हात घालून बघतात. एकदा वेंगुर्ल्याला एका लग्नात आहेर म्हणून आलेल्या बारक्या तोंडाच्या पितळी लोट्यात त्यांचा हात अडकला. वधूवरांना आशीर्वाद त्यांनी डाव्या हाताने दिला, आणि तेल आणेपर्यंत तोंडाने मात्र लोट्यालाच दोष देत राहिले.

त्यांचा सिद्धान्त असा, की रांधायला सात वस्तू लागतात. "आठवी इली काय ती ठेवूक कपाट लागता, आणि कपाट इला काय नववी येता." पहिली विळी, दुसरा बिडाचा तवा, तिसरा जाड बुडाचा टोप, चौथं मातीचं मडकं, पाचवी दवली, म्हणजे करवंटीचा डाव. सहाव्या जागी पाटा-वरवंटा येईल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मामा मिक्सरवाले. आपल्या आईने उभा जन्म पाट्यावर वाटप वाटलं आणि म्हातारपणी तिला सरळ उभं राहता आलं नाही, हे ते विसरलेले नाहीत. पाट्यावरच्या वाटपाची चव वेगळीच असते असं कुणी पुरुषाने म्हटलं, की मामा त्याला पाटा दाखवतात आणि बस म्हणतात. कुकरला मात्र त्यांनी घरात घेतलं नाही. तो त्यांच्या मते पाहुणा आहे, आला तर येऊ द्यावा, पण त्याला विचारून काही करू नये, कारण तो फार शिट्ट्या मारतो आणि आत काय चाललंय ते ऐकू देत नाही. आणि सातवी वस्तू? ती ते कुणालाच सांगत नसत. "तेका वेळ आसा," म्हणत. माझं लग्न होऊन चौदा वर्षं झाली, तोवर ती वेळ काही आली नव्हती.

मी कराडची. मासा ही वस्तू सासरी येईपर्यंत मी चित्रात जास्त पाहिली होती. दर रविवारी मामा तारकर्लीहून मासे घेऊन यायचे, मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे आणि रांधायचे. आमचं तेव्हाचं भाड्याचं स्वयंपाकघर इतकं चिंचोळं होतं की दोन माणसं आत राहिली तर एकाला श्वास धरावा लागे. मी दारातून बघून शिकले. चुका पुष्कळ केल्या आणि प्रत्येक चुकीवर मामांचं व्याख्यान ऐकलं. कोकम एक जास्त पडलं तर ते वास घेऊनच सांगत. शेजारणीच्या घरात काय शिजतंय, त्यात खोबरं किती भाजलंय, हे आमच्या पायरीवर चप्पल काढता काढता सांगणारा हा माणूस.

मागच्या वर्षी त्यांना ताप आला, आठवडाभर राहिला आणि गेला. त्यानंतर मामांचं रविवारी येणं बंद झालं. गुडघा दुखतो, मासळी महाग आहे, एस.टी. वेळेवर नाही, अशी कारणं येऊ लागली. तीन महिन्यांनी माझा नवरा त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आला. मामा निम्मे झाले होते. मी घाईघाईने बांगड्याचं तिखलं केलं आणि पानं वाढल्यावर माझ्या लक्षात आलं की उग्र वासाचं तिरफळ घालायला विसरले. तिरफळाशिवाय बांगडा! या किनाऱ्यावर एवढ्यावरून सोयरिकी मोडल्या असतील. मी मान खाली घालून व्याख्यानाची वाट बघत बसले. मामांनी चार घास खाल्ले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरा झाला हां."

नवऱ्याला काही कळलं नाही. मला मात्र ते ऐकून काहीतरी बिनसल्याचं कळलं. हात धुताना मी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं. आधी ते हसले, मग नळ बंद करून भिंतीकडे बघत म्हणाले, "माका वास येणा नाय गो. तापात गेलो तो गेलोच. तोंडाक चव नाय." डॉक्टर म्हणाले होते, परत येईल कदाचित, थांबा. तोवर मामा पेज आणि चहा यांवर जगत होते. स्वतःचं मडकं त्यांनी माळ्यावर टाकलं होतं. ज्याला वास येत नाही त्याने चुलीपाशी जाऊ नये, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि त्यांनी ठरवलेलं मोडणं म्हणजे अशक्य कोटीतली गोष्ट. मला त्या माणसाचं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. हा माणूस रांधायचा थांबला तर उरणार काय?

नेमकं तेव्हाच आमचं नवं घर होत होतं. नवऱ्याने मोबाईलवरून सतरा नगांचा नॉनस्टिक संच मागवायचं चालवलं होतं. मी तारकर्लीला जाऊन मामांना एवढंच सांगितलं, की सतरा नग येतायत. मामा अंथरुणावरून उठले. दुसऱ्या दिवशी आम्ही कट्ट्याच्या बाजारात होतो आणि भांडीवाला चहा सांगत होता. त्या दिवशी फळ्या हलल्या, टोप वाजले, हात मनगटापर्यंत गेले, आणि चौदा वर्षांत प्रथमच मामांनी वस्तू विकत घेऊ दिल्या. भांडीवाल्याचा विश्वास बसेना; त्याने दोनदा विचारलं, नक्की बांधू ना? पुढचे आठ दिवस मामा आमच्याकडेच राहिले. मडकं रात्रभर पाण्यात बुडवलं, मग त्यात पेज उकळली. बिडाच्या तव्याला अर्ध्या कांद्याने तेल चोळचोळून काळंभोर केलं. पण रविवार आला तसं सगळं मांडून ठेवून ते बाजूला झाले. "आता तू रांद," म्हणाले.

मी म्हटलं, मामा, बोटीवर इंजिनाच्या वासात कालवणाचा वास यायचा का हो? हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. पहिली दोन वर्षं डिझेलशिवाय दुसरा वास नाकाला ठाऊक नव्हता, कालवण कानाने शिजवलं, अशी त्यांची बढाई होती. ते माझ्याकडे बघत राहिले. "तेव्हा चव होती," म्हणाले. मी म्हटलं, चव मी घेते, तुम्ही ऐका.

मग ते उठले. वाटप मडक्यात पडलं आणि त्यांनी डोळे मिटले, दुकानात मिटतात तसे. पाणी असेपर्यंत मडकं बडबडतं आणि वाटप शिजलं की पुटपुटतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी मीठ सांगितलं, आंबट सांगितलं, तिरफळं या खेपेस मोजून दिली. पुटपुट सुरू झाल्यावर मामा म्हणाले, "उतर." मी चव घेतली आणि काही सांगायच्या आधीच पुन्हा दवली बुडवली. कालवण त्यांचंच झालं होतं. मामा मात्र घाबरून विचारत होते, "काय झाला? खारट झाला?"

पुढच्या रविवारी ते तारकर्लीहून फणसाच्या लाकडाचं एक बसकं स्टूल घेऊन आले. ओट्याशेजारी ठेवलं, हलवून बघितलं, सवयीने टकटकही केलं. "ही सातवी," म्हणाले. "रांदतल्याक वांगडाक बसणारा माणूस होया. माका आदी ठावक नाय होता, म्हणान सांगूक नाय." वांगडाक, म्हणजे सोबतीला. तर इतकी वर्षं सातवी वस्तू त्यांनाही माहीत नव्हती, नुसती जागा राखून ठेवली होती! सतरा नगांचा संच मग कधी आलाच नाही.

आता दर रविवारी मी त्या स्टुलावर बसते. मामांच्या अंगावर थोडं मांस आलंय. बोटीवरच्या गोष्टी मी चौदा वर्षांत दारातून ऐकल्या नव्हत्या तेवढ्या या काही महिन्यांत ऐकल्या. गेल्या रविवारी तिरफळं ठेचताना त्यांचा हात मध्येच थांबला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही, वायच काहीतरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी तिरफळ पुन्हा नाकाशी नेलं, पण तो वास गेला होता. मला इतका आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर जराशी भीतीही वाटली. त्यांचं नाक परत यावं म्हणून मी देवाला गाऱ्हाणं घातलंय, आणि ते आलं की मला पुन्हा दारात उभं राहावं लागेल हेही मला दिसत होतं. मी काही बोलले नव्हते. पण ऐकण्यात त्यांचा हात कोण धरणार?

"वास इलो तरी स्टूल थंयच ऱ्हवांदे," मामा मडक्याकडे बघत म्हणाले. "आता मीठ बघ."