पंप नव्हे, वायर

मुलीची परीक्षा नाशिकला, इंदिरानगरच्या केंद्रावर होती. नऊला गेट बंद होणार होतं. निफाडहून आम्ही दोघं सकाळी लवकरच निघालो, माझ्या पंधरा वर्षं जुन्या मोटारसायकलवर.

ही गाडी महिनाभर मधेच बंद पडायची. गावातला मेकॅनिक म्हणाला होता, "पंपाला काय झालेलं नाय. वायरिंग तपासावं लागंल, दोन दिवस ठेवा." दोन दिवस गाडीविना राहणं मला जमणार नव्हतं. मला वाटत होतं पंपच गेलाय, म्हणून मी टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा नवा पंप आणला आणि घरीच बसवला. जुन्या वायरीला त्याची जोडणी बसेना, म्हणून वायरी कापल्या, पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली. आठवडाभर गाडी छान पळाली आणि मी मनात त्या मेकॅनिकला हसलो.

ओझर मागे पडलं आणि गाडीने दोन आचके दिले, मग थांबली.

चावी फिरवली की टाकीतून दोन सेकंद बारीक घरघर येते, तो पंपाचा आवाज. आता काहीच नाही. फ्यूज पाहिला, शाबूत होता. बॅटरीची टोकं आवळली. पुन्हा चावी, पुन्हा शांतता. सव्वाआठ झाले होते.

"पप्पा, मी कुणाला तरी हात करते."

"दोन मिनिटं थांब म्हटलं ना!" मी ओरडलो. ती रस्त्याच्या कडेला गेली. घाईत माझ्या हातातला स्क्रू मातीत पडला.

मी तो शोधत असताना मागे ब्रेक वाजला. भाजीची पिकअप होती, पंचवटीच्या मार्केटला निघालेली. पुढे नवरा-बायको. मुलीने हात केलाच होता.

"कुठं जायचंय गं?" बाईंनी विचारलं. केंद्राचं नाव ऐकून त्या सरकल्या. "बस. पंचवटीतून रिक्षा मिळंल."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी 'जा' म्हणून मान हलवली. पिकअप दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं, मी त्यांचा फोन नंबर घेतला नव्हता. आणि परीक्षेत चालत नाही म्हणून तिचा मोबाईल घरीच होता.

मी टाकी उचलली. बॅटरीवरून एक वायर थेट पंपाला लावून पाहिली, तर पंप लगेच घरघरला. म्हणजे पंप ठणठणीत होता. त्याच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. चिकटपट्टी सोडली. मीच दिलेला पीळ आत सैल होऊन काळा पडला होता. दोष दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नव्हती. वायरी खरवडून पुन्हा घट्ट पिळल्या आणि निघालो.

केंद्रावर पोचलो तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. गेट बंद. "निळा ड्रेस, पाठीवर वेणी, आत गेली का?" मी वॉचमनला विचारलं.

"काका, शेकडो पोरी गेल्या. मी कुणाकुणाला बघू?"

दोन तास मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. खाली बसवेना. पिकअपचा नंबरही पाहिला नाही, कसला बाप मी, हेच डोक्यात फिरत होतं. पेपर सुटला. पोरी येत राहिल्या, निळे ड्रेस कितीतरी. गर्दी ओसरत आली तेव्हा ती दिसली, पाण्याची बाटली हलवत.

"त्यांनी पंचवटीत उतरवलंच नाही," ती म्हणाली. "काका म्हणाले, भाजी अर्धा तास थांबंल, तुझा पेपर थांबायचा नाय. इथपर्यंत सोडलं. पाच मिनिटं होती हातात."

मी म्हणालो, "चूक माझी होती. वायर मीच नीट जोडली नव्हती. आणि तुझ्यावर ओरडलो."

"ओरडलात खरं," ती म्हणाली. मग बाटली माझ्या हातात देत, "पेपर कसा गेला ते तरी विचारा ना, पप्पा."